शून्य ते शंभर: मापावरची शीग कोण मोजणार?

समजा, एकाच गाडीचे तीन आकडे समोर आहेत. कंपनीचे पत्रक म्हणते, उभी गाडी ताशी शंभर किलोमीटरचा वेग, म्हणजे ‘शून्य ते शंभर’, १०.५ सेकंदांत गाठते. मोटार मासिकाच्या चाचणीत तीच गाडी ११.२ सेकंद घेते. आणि डॅशबोर्डचे चित्रण करून फिरवलेल्या व्हिडिओत तिचा काटा ९.८ सेकंदांतच शंभरावर टेकतो. मग वाद पेटतो, आणि तो दरवेळी त्याच वाटेने जातो. एक म्हणतो, कंपन्या थापा मारतात. दुसरा म्हणतो, मासिकवाल्याला क्लच सोडता येत नाही. तिसरा स्वतःची गाडी घेऊन येतो: “माझी तर चौदा घेते, म्हणजे सगळेच खोटे!” आणि चौथा, बहुधा वयाने मोठा, सगळ्यांना गप्प करतो: “म्हापशाहून पणजीला जाताना शंभरचा वेग गाठायला रस्ता मोकळा मिळतो तरी कधी?” चौघेही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणूनच हा वाद संपत नाही. आकडा खरा की खोटा, एवढेच सगळे विचारतात. तो कशाचा आकडा आहे, हे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. छापून येणाऱ्या पिकअपच्या, म्हणजे वेग पकडण्याच्या, वेळा बहुतेकदा खऱ्या असतात. कुठेतरी, कोणीतरी, कसल्यातरी घड्याळाने त्या मोजलेल्या असतात. पण ज्या अटींवर त्या निघाल्या त्या अटी छापल्या जात नाहीत, आणि अटी गाळलेल्या वेळेला माप म्हणता येत नाही. दशांश चिन्हामुळे ती मोजमापासारखी दिसते, इतकेच. म्हणून भांडायचेच असेल तर दशांशासाठी भांडू नये, अटींसाठी भांडावे. शिवाय गोव्याच्या रस्त्यांवर ज्या पिकअपवर माणसाचा जीव अवलंबून असतो, तो शून्य ते शंभरच्या आकड्यात दिसतच नाही.

कुडवाने किंवा पायलीने भात मोजायचे तेव्हा माप सपाट की शिगेचे, हे आधी ठरवावे लागे. पायली तीच, भात तेच; पण वरची शीग हाताने पुसली की मूठ-दोन मुठी कमी. देणारा सपाट मोजून देतो आणि घेणारा शिगोशीग मागतो, दोघेही ‘एक पायली’च म्हणतात, आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. गाड्यांच्या दुनियेतली ही शीग म्हणजे अमेरिकेतला ‘रोलआउट’. तिथल्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर, पुढचे चाक प्रकाशकिरणाच्या आड उभे असते आणि चाक त्या किरणातून बाहेर पडले की घड्याळ चालू होते. त्यामुळे पहिला सुमारे एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर, गाडी फुकट धावते. शेजारी-शेजारी उभ्या दोन गाड्यांच्या शर्यतीत याने कोणाचे बिघडत नाही, कारण सवलत दोघींना सारखीच. पण अमेरिकी मासिकांनी हीच पद्धत रस्त्यावरच्या गाड्यांच्या चाचणीला लावली आणि सवलत आकड्यातच मुरली. हिशेब सोपा आहे. सुटताना गाडी दर सेकंदाला सेकंदाला ४ मीटरने वेग वाढवत असेल तर पहिल्या फुटाला ०.३९ सेकंद लागतात आणि तोवर ती ताशी साडेपाच किलोमीटरवर पोचलेली असते. सुटण्याचा जोर दुप्पट असेल तर लागतात ०.२८ सेकंद, आणि वेग होतो ८. म्हणजे ‘शून्य ते’ हे शब्दच खरे राहत नाहीत. ते ‘साडेपाच ते’ किंवा ‘आठ ते’ असते.

११ सेकंदांच्या हॅचबॅकला या ०.३९ ने फारसा फरक पडत नाही. २ सेकंदांच्या गाडीला मात्र पाव सेकंद म्हणजे एक अष्टमांश झाला! टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडचा प्रसिद्ध १.९९ सेकंदांचा आकडा रोलआउट वजा करून दिलेला आहे, आणि तसे कंपनीने बारीक अक्षरांत लिहिलेही आहे. २०२१ मध्ये मोटर ट्रेंड मासिकाने ती गाडी तपासली तेव्हा चिकट रसायन फवारलेल्या ड्रॅग स्ट्रिपवर १.९८ आणि साध्या डांबरावर २.०७ अशी वेळ आली. यात लबाडी कोणी केली? कोणीच नाही. पण बारीक अक्षरे गळून पडली आणि १.९९ तेवढा जगभर फिरला. त्यात आणखी एक गोंधळ असा, की हा आकडा शून्य ते ६० मैलांचा, म्हणजे ९६.६ किलोमीटरपर्यंतचा. तो आपल्याकडे येईपर्यंत ‘शून्य ते शंभर’ होऊन जातो. उरलेला ताशी साडेतीन किलोमीटरचा वेग वाढवायला साध्या गाडीत सहज अर्धा सेकंद लागतो. रोलआउटचे ०.३९ आणि हा अर्धा सेकंद मिळवा, म्हणजे दोन देशांतले दोन आकडे एकाच गाडीचे असून जवळजवळ एका सेकंदाने वेगळे दिसतील. आणि त्या एका सेकंदावर इकडे दोन मित्र आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत.

आता रस्त्याचा विचार करू. शंभरचा वेग गाठायला साध्या गाडीला दीडशे ते दोनशे मीटर लागतात. तेवढ्या अंतरात रस्ता एक टक्क्याने उतरत असेल तर सुरुवात आणि शेवट यांत दीड-दोन मीटरचा, म्हणजे पुरुषभर उंचीचा फरक असतो. डोळ्याला तो दिसत नाही. पण तो उतार सेकंदाला सेकंदाला जवळपास ०.१ मीटरची मदत करतो आणि ११ सेकंदांच्या गाडीला ०.४ सेकंद बहाल करतो. झुआरीच्या नव्या पुलावर माथ्यापासून खाली येताना काढलेली वेळ आणि माथ्याकडे चढताना काढलेली वेळ यांत किती अंतर पडेल, याचा अंदाज यावरून बांधावा. म्हणूनच जाणकार एकाच जागी दोन्ही दिशांना गाडी पळवतात आणि सरासरी काढतात. वाऱ्याचाही हिशेब त्यातच होऊन जातो. एकाच दिशेची वेळ कोणी सांगितली तर ती ऐकून सोडून द्यावी.

हवेबद्दल आपल्याकडे एक लाडका समज आहे: गोव्याच्या दमट हवेत इंजिन मरते, घाटावरच्या कोरड्या हवेत ते मोकळे होते. यातला पहिला भाग थोडासा खरा आहे. मे महिन्यातल्या पणजीच्या हवेत बाष्पाचा वाटा तीन-साडेतीन टक्के असतो; तेवढी जागा प्राणवायू असलेल्या हवेकडून हिरावली जाते. इंजिनाची ताकद मोजण्याच्या प्रचलित मानकांत २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरडा दाब धरतात. त्या हिशेबाने ३३ अंशांच्या दुपारी पणजीत टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) नसलेले पेट्रोल इंजिन सुमारे तीन टक्के ताकद गमावते. पण दुसरा भाग साफ चुकीचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास. तिथे हवाच विरळ, त्यामुळे तूट नऊ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे चोर्ला घाट चढून वर पोचेपर्यंत तेच इंजिन आणखी सहा टक्के हरवते, हवा कितीही छान वाटो. छान वाटते ते आपल्याला, इंजिनाला नव्हे. टर्बो इंजिन पंखा जास्त फिरवून यातले बरेचसे भरून काढते, मात्र उन्हात उभ्या ट्रॅफिकमध्ये ही कोंबलेली हवा गार करणारा इंटरकूलर तापला की तिथेही गळती सुरू होते आणि आतली हवा तापल्यामुळे संगणक ठिणगी मागे घेतो. इलेक्ट्रिक मोटरला हवेशी देणेघेणे नाही. उलट विरळ हवेत अडथळा कमी होतो. तिचे दुखणे वेगळे आहे. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना मिळणारी वेळ वीस टक्क्यांवर मिळत नाही, कारण चार्ज उतरला की व्होल्टेज उतरते. लागोपाठ चार-पाचदा पूर्ण जोर लावला तर बॅटरी तापून ताकद आपोआप आवरली जाते.

डिचोली, साखळी, उसगाव या खाण पट्ट्यातल्या वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तांबड्या धुळीने भरलेला एअर फिल्टर मायलेज फारसे खात नाही, कारण संगणक हवेच्या मानाने पेट्रोल कमी करतो. पण पूर्ण रेस दिल्यावर इंजिनाला हवी तेवढी हवा मिळत नाही आणि पिकअप बसतो. पत्रकातल्या आकड्याला शिव्या घालण्यापूर्वी फिल्टर काढून उजेडासमोर धरावा.

तरीही हवा, फिल्टर, उतार यांचा सगळा हिशेब मिळून जेवढा होतो, त्याहून मोठा फरक एकच गोष्ट पाडते, आणि वादात तिचेच नाव कोणी घेत नाही: वजन. चाचणीच्या गाडीत एक चालक, फार तर दुसरा मोजणारा, आणि अर्धी टाकी. घरच्या गाडीत पाच जण, डिकीत सामान, वर एसी. हजार किलोच्या हॅचबॅकमध्ये चालकाशिवाय सत्तर किलोंची चार माणसे बसली की वजन २८ टक्क्यांनी वाढले. ताकद तीच असेल तर वेळही साधारण त्याच प्रमाणात वाढते: ११ ची १४. एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण गारव्याला दोन-तीन किलोवॅट खातो. ६० किलोवॅटच्या इंजिनात हे तीन ते पाच टक्के झाले. पुष्कळ गाड्यांत पूर्ण रेस दिल्यावर संगणक काही सेकंद कॉम्प्रेसर सोडवतो, म्हणून हा तोटा प्रत्येक गाडीत सारखा दिसत नाही. “माझी तर चौदा घेते” म्हणणारा माणूस खोटे बोलत नव्हता. त्याची बायको-मुले गाडीत होती.

मग गाडी सोडण्याची पद्धत. मॅन्युअल गाडीत चांगली वेळ काढायची तर साडेतीन-चार हजार आरपीएमवर क्लच जवळजवळ झटक्याने सोडावा लागतो: चाके जराशी घसरली पाहिजेत, पण जागच्या जागी फिरता कामा नयेत. चारपाच वेळा असे केले की क्लच प्लेटचा जळका वास येतो. रोजच्या चालकाने असे करू नये, आणि तो करतही नाही. गियर बदलण्यात प्रत्येक वेळी तीन ते पाच दशांश सेकंद जातात, म्हणून दुसऱ्याच गियरमध्ये शंभर ओलांडणारी गाडी ९५ ला तिसरा मागणाऱ्या गाडीपेक्षा कागदावर चपळ दिसते, रस्त्यावर असो वा नसो. एएमटीमध्ये, म्हणजे क्लच आणि गियर यंत्रच सांभाळते अशा गाडीत, तर हा थांबा चालकाच्या हातातच नसतो. निसान जीटी-आरच्या सुरुवातीच्या गाड्यांबाबत याहून मासलेवाईक प्रकार घडला. तिच्या झंझावाती वेळा लाँच कंट्रोल (पूर्ण जोराने सुटण्याची स्वयंचलित सोय) वापरून, स्थिरतेची प्रणाली बंद ठेवून निघत होत्या, आणि तसे केल्यास गियरबॉक्सच्या वॉरंटीचे काय, यावरून ग्राहकांशी वाद झाले. पुढे कंपनीने सॉफ्टवेअर बदलून सुटतानाचे आरपीएम खाली आणले. वॉरंटी धोक्यात घालून मिळणारी वेळ ही त्या गाडीची वेळ म्हणायची का?

इतिहासात खरोखरच्या थापाही आहेत, हे नाकारायचे कारण नाही. मार्च १९६४ मध्ये कार अँड ड्रायव्हर मासिकाने पॉन्टियाक जीटीओची शून्य ते ६० मैल ही वेळ ४.६ सेकंद छापली आणि खळबळ उडाली. पत्रकात त्या गाडीचे इंजिन ३८९ घनइंचांचे होते. चाचणीला पाठवलेल्या गाडीत ४२१ घनइंचांचे बसवले होते, हे पॉन्टियाकच्या जाहिरातींशी संबंधित असलेल्या जिम वँगर्स यांनी बऱ्याच वर्षांनी कबूल केले. १९६१ च्या जग्वार ई-टाइपचेही असेच. पत्रकारांना दिलेली गाडी ताशी १५० मैल गाठून आली. ग्राहकांच्या हाती आलेल्या गाड्या तिथवर पोचत नव्हत्या. या दोन गोष्टी ‘कंपन्या थापा मारतात’ या पक्षाचे हुकमी एक्के आहेत. पण नीट पाहिले तर त्या माझ्याच बाजूने बोलतात. दोन्ही प्रकरणांत घड्याळ बरोबर होते, मोजणारे प्रामाणिक होते. चाचणीची गाडी कोणी निवडली आणि तिच्या बॉनेटखाली काय होते, ही अट तेवढी छापलेली नव्हती. आजही चाचणीची गाडी कंपनीने पाठवली की मासिकाने शोरूममधून विकत किंवा भाड्याने घेतली, हे चार शब्दांत लिहिता येते. किती ठिकाणी लिहिलेले असते?

त्याच अमेरिकेत अटी बदलल्यावर काय होते, याचा धडाही आहे. १९७१-७२ पर्यंत तिथे इंजिनाची ताकद ‘ग्रॉस’ मोजत: इंजिन टेबलावर, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटर नाही. मग ‘नेट’ पद्धत आली, गाडीत इंजिन जसे बसते तसे मोजायची. क्रायस्लरचे प्रसिद्ध ४२६ हेमी इंजिन ४२५ अश्वशक्तीवरून एकदम ३५० वर आले. पिस्टन तेच, कॅमशाफ्ट तोच. मोजायची रीत बदलली आणि ७५ घोडे तबेल्यातून नाहीसे झाले. त्या आधीच्या दशकात ‘माझे इंजिन मोठे की तुझे’ म्हणून झालेल्या भांडणांचे काय करायचे?

आता विरुद्ध बाजूचे सगळ्यात भक्कम मुद्दे. पहिला: हे सगळे जुने झाले, आता व्हीबॉक्ससारखी उपग्रहावर चालणारी यंत्रे आहेत, ती शतांश सेकंदापर्यंत अचूक असतात. मान्य. पूर्वी मागच्या बंपरला सायकलसारखे पाचवे चाक जोडून वेग मोजत, त्यापेक्षा हे कितीतरी चांगले. पण यंत्र अचूक झाल्याने अटी कळत नाहीत. उतारावर घेतलेली वेळ शतांशापर्यंत अचूक मोजली, म्हणून ती सपाट रस्त्याची होत नाही. उलट दशांशानंतरचा आणखी एक अंक पाहून वाचकाचा विश्वास फुकट वाढतो. दुसरा मुद्दा: काही कंपन्या मुद्दाम कमी सांगतात. पोर्शेच्या घोषित वेळा मासिकांच्या चाचण्यांत वरचेवर मोडतात. हेही खरे, आणि कौतुकास्पद. पण एक कंपनी सपाट माप देते आणि दुसरी शिगेचे, तर ग्राहकाने दोन आकडे शेजारी ठेवून काय करायचे? संकोची आकडाही तुलनेला तेवढाच निकामी.

तिसरा मुद्दा खरा तगडा आहे: एकाच मासिकाने, एकाच धावपट्टीवर, एकाच चालकाकडून काढलेल्या वेळांची आपसांत तुलना करता येते, मग बाहेरच्या आकड्यांशी जुळले नाही तर बिघडले काय? याला अर्धी मान डोलवावी लागते. एका घरचे माप घरापुरते चालते. पण तिथेही मर्यादा आहे. त्याच गाडीच्या सलग सहा धावा घेतल्या तर टायर तापणे, इंजिन तापणे, क्लचचा हात यांमुळे दोन-चार दशांशांचा फरक सहज पडतो. बहुतेक ठिकाणी छापतात ती त्यातली सर्वांत कमी वेळ. सरासरी नाही, किती धावा घेतल्या तेही नाही. अशा स्थितीत १०.८ ची गाडी ११.० च्या गाडीहून ‘वेगवान’ ठरवणे म्हणजे तागडी हलत असतानाच वजन सांगणे झाले. आणि एक गाडी जानेवारीत, दुसरी मे महिन्यात तपासली असेल तर घरचे मापही घरचे राहत नाही.

इथे मायलेजशी तुलना करण्यासारखी आहे. पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रावरचे मायलेज रस्त्यावर मिळत नाही, हे लहान मूलही सांगेल. ती चाचणी रोलरवर, प्रयोगशाळेत होते. वीसएक मिनिटांचे ठरलेले चक्र, कमाल वेग ९०. वास्तवापासून ती दूर आहे. पण ती सगळ्यांना सारखीच दूर आहे, आणि तिचे चक्र जाहीर आहे. म्हणून लोक मनातल्या मनात पाव हिस्सा कापतात आणि तरीही दोन गाड्यांची तुलना करू शकतात. पिकअपच्या वेळेला असा कोणताही सक्तीचा साचा नाही. ती कोणी प्रमाणित करत नाही, कंपनी स्वतःच घोषित करते. अमेरिकेत एसएई जे १४९१ नावाची वेग वाढण्याच्या मोजमापाची पद्धत लिहून ठेवलेली आहे, पण जाहिरातीतला आकडा तिच्याच मापाने काढा अशी बळजबरी नाही. साच्याचा दुसरा फायदा असा, की चूक पकडता येते. २०१२ मध्ये ह्युंदाई आणि किया यांना अमेरिकेतल्या लाखो गाड्यांचे मायलेज खाली आणून ग्राहकांना भरपाई द्यावी लागली, कारण तिथल्या पर्यावरण संस्थेने ठरलेल्या पद्धतीने फेरतपासणी केली आणि आकडे जुळले नाहीत. पिकअपच्या वेळेबाबत असा खटला उभाच राहू शकत नाही. कोणत्या पद्धतीविरुद्ध चुकले म्हणणार?

राहिले घरगुती संशोधक. डॅशबोर्डचे चित्रण म्हणजे पुरावा, अशी ठाम समजूत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नाही. जास्त मात्र दहा टक्के आणि वर ४ किलोमीटर इतके दाखवता येते. म्हणजे काटा शंभरावर असताना खरा वेग ८७ असला तरी यंत्र नियमात बसते. प्रत्यक्षात बहुतेक गाड्या एवढे ताणत नाहीत. पण शंभरला खरे ९५ असले, तरी उरलेल्या ५ किलोमीटरला साध्या गाडीत पाऊण-एक सेकंद लागतो. तोच त्या व्हिडिओतल्या ९.८ चा उलगडा. फोनमधल्या जीपीएसवर भिस्त ठेवावी तर ते सहसा सेकंदाला एकदाच स्थान नोंदवते. त्यावरून दशांश सांगणे म्हणजे तासाच्या काट्यावरून मिनिट सांगणे. नीट मोजायचे तर सेकंदाला किमान दहा नोंदी घेणारे यंत्र हवे, त्याचा अँटेना छतावर हवा, टायर थंड असताना हवा भरलेली हवी, दोन्ही दिशांना तीन-तीन धावा हव्यात, आणि मुख्य म्हणजे बंद, सपाट जागा हवी. इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरची चाचणी धावपट्टी आहे, ती कंपन्यांसाठी. मोपा विमानतळाचा जोडरस्ता त्यासाठी नाही. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि दशांश शोधणाऱ्याच्या समोरून स्कूटरवर कोण येईल हे यंत्राला ठाऊक नसते.

आता त्या चौथ्या, वडीलधाऱ्या गृहस्थांकडे येऊ. शंभरचा वेग गाठायचा कुठे, हा त्यांचा प्रश्न चोख आहे. म्हणून पिकअपचा आकडाच निरर्थक, हा निष्कर्ष मात्र चुकीचा. गोव्यात पिकअप लागतो तो सिग्नलवरून सुटायला नव्हे, तर काणकोणच्या वाटेवर करमल घाटात किंवा अनमोड घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना. हिशेब मांडून पाहा. ट्रक ताशी ४० ने चालला आहे, लांबी ९ मीटर. तुमची गाडी ४ मीटरची, १५ मीटर मागून निघून १५ मीटर पुढे जाऊन आत शिरायची. म्हणजे ट्रकच्या तुलनेत ४३ मीटर जास्त कापायचे. एकटा चालक, सपाट रस्ता, गाडी सेकंदाला सेकंदाला १.५ मीटरने वेग वाढवते असे धरले तर साडेसात सेकंदांत काम होते. तुम्ही तोवर १२७ मीटर धावलेले असता, आणि समोरून ६० च्या वेगाने येणारी गाडीही तेवढीच जवळ आलेली असते. मोकळा दिसायला हवा तो रस्ता अडीचशे मीटर. आता तीच गाडी, चार माणसे जास्त, आणि पाच टक्के चढ. वजनाने १.५ चे १.१७ होतात, चढ त्यातले जवळपास ०.५ खातो, उरतात ०.६८. वेळ सव्वाअकरा सेकंद. रस्ता हवा साडेतीनशे मीटरांहून थोडा अधिक. घाटात एवढा सरळ तुकडा किती ठिकाणी दिसतो?

हे शंभर मीटर शून्य ते शंभरच्या आकड्यात कुठेच नाहीत. त्या आकड्यात क्लच झटक्याने सोडणे आहे, चालू गाडीत त्याचा उपयोग शून्य. उलट टर्बो गाडी सुटताना आरपीएम चढवून ठेवल्याने जी तडफ दाखवते, ती ४० वर रमतगमत चाललेल्या गाडीत पाय दाबल्यावर लगेच मिळत नाही. टर्बो फिरायला लागेपर्यंत सेकंद जातो. अमेरिकी मासिके म्हणूनच ५ ते ६० मैल अशी चालत्या गाडीची वेळ वेगळी देतात आणि काही टर्बो गाड्यांत ती उभ्या सुटण्यापेक्षा एका सेकंदाने मागे पडते. आपली मासिके २० ते ८० आणि ४० ते १०० या वेळा छापतात, पण त्या कोपऱ्यातल्या चौकटीत, आणि भांडायला कोणी त्यांच्याकडे वळत नाही. माझ्या मते गाडी घेताना आधी तीच चौकट वाचावी.

यावर शेवटचा आक्षेप ठरलेला: एवढ्या अटी छापल्या तर ग्राहक गोंधळेल, आणि भरल्या गाडीची वेळ कोणती कंपनी आपणहून सांगेल? पण चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडून खांबावरचा टायरच्या हवेचा स्टिकर पाहा. पुष्कळ गाड्यांत तिथे दोन रकाने आहेत: एकदोन माणसांसाठी एक दाब, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. भरलेली गाडी ही वेगळी गाडी असते, हे कंपनीने तिथे स्वतःच्या अक्षरांत लिहून दिलेले आहे, आणि ते वाचून पेट्रोल पंपावर आजवर कोणी गोंधळलेला नाही. दुसरा रकाना पिकअपच्या आकड्यालाही जोडता येईल. खाली एक ओळ: किती धावा, कोणता रस्ता, किती तापमान, घड्याळ कधी सुरू केले. पत्रकाच्या त्याच पानावर सनरूफच्या फोटोला अर्धे पान मिळालेले असते.